आज्ञार्थ, विध्यर्थ आणि मधला माणूस

स्पॅनिश भाषेत समोरच्या जवळच्या माणसासाठी जे सर्वनाम आहे त्याचा उच्चार 'तू' असाच होतो. पुण्यातल्या एका सायंकाळच्या वर्गात पहिल्याच दिवशी हे कळले तेव्हा, परक्या गावच्या फलाटावर अकस्मात आपल्या आळीतला माणूस दिसावा, तसा आनंद आम्हांला झाला होता. दोन्ही भाषांचे कूळ मुळात एकच, हे पुस्तकांतून ठाऊक होते; पण ते नाते असे एका अक्षरात कानांवर पडेल ही कल्पना नव्हती. 'तू' म्हणजे 'तू', आणि त्या 'तू'ला 'ये' म्हणायचे तर 'बेन'. इतके सोपे असेल तर वर्षभरात सेर्वान्तेस मुळातून वाचून टाकू, असे आम्ही त्या रात्री घरी सांगितल्याचे आठवते. घरच्यांनी ते आजवर विसरू दिलेले नाही.

आनंद तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकला. 'बेन' म्हणजे 'ये'. पण 'येऊ नकोस' म्हणायचे तर 'नो बेन' चालत नाही, तिथे 'नो बेंगास' म्हणावे लागते. म्हणजे नकार आला की क्रियापद आज्ञार्थाचा अंगरखा उतरवते आणि दुसऱ्याच अर्थात जाऊन उभे राहते. ह्या दुसऱ्या अर्थाला स्पॅनिश वैयाकरण 'सुबहुन्तीबो' म्हणतात. जे घडलेले नाही, जे घडावे किंवा घडू नये असे कुणाला वाटते, ज्याची भीती वाटते वा ज्याबद्दल शंका आहे, ते सगळे ह्या अर्थाच्या पोटात. मोरो केशव दामल्यांचे १९११ सालचे व्याकरण उघडून आम्ही त्याला मराठीत जागा शोधू लागलो. थोडा विध्यर्थ, थोडा संकेतार्थ, आणि थोडा कुठेच न बसणारा. आदरार्थी 'या' म्हणायचे तेव्हाही हाच अर्थ मदतीला येतो: 'बेंगा'. कारण आदरार्थी सर्वनाम 'उस्तेद' हे मुळात सर्वनामच नव्हे. 'बुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', ह्या संबोधनाची झिजून झिजून झालेली ती मोळी आहे. कृपेला तोंडावर 'ये' कसे म्हणणार? तृतीय पुरुषात, जरा बाजूला पाहून, 'कृपेने यावे' असेच म्हणणे भाग. 'साहेबांनी बसावे' म्हणणाऱ्या भाषेत वाढलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मात्र ते पाठ करावे लागले, ह्याचे आम्हांला तेव्हा थोडे अनुदार समाधान वाटल्याचे कबूल करतो.

नकाराची गोष्टही वाटते तितकी परकी नाही. मराठीतही 'ये नको' होत नाही. 'येऊ नको' होते. मुख्य क्रियापद आज्ञेची जबाबदारी सोडून देते आणि ती 'नको'च्या शिरावर जाते. करायला सांगणे सरळ असते; करू नकोस म्हणताना मात्र दोन्ही भाषा वळसा घेतात.

२००४ सालच्या हिवाळ्यात आम्ही काही महिने माद्रिदला होतो. राहण्याची सोय एका विधवा बाईंच्या घरी होती. बाई कास्तिल्यातल्या खेड्यातल्या, सत्तरीच्या, आणि त्यांचे सगळे बोलणे आज्ञार्थात. 'कोमे', खा. 'सिएन्ताते', बस. 'सिएर्रा ला पुएर्ता', दार लाव. फोन वाजला की उचलून म्हणायच्या, 'दीगामे', म्हणजे 'मला सांगा', जे आपल्याकडच्या 'बोला'चे सख्खे भावंड. खालच्या कोपऱ्यावरच्या बारमध्येही तीच तऱ्हा. माणसे आत येत आणि 'पोनमे' म्हणून आपापल्या पेयाचे नाव सांगत, 'मला वाढ'. निघताना 'कोब्रामे', माझ्याकडून पैसे घे. पैसे देणाराच आज्ञा करतो आहे आणि घेणारा ती पाळतो आहे, हा प्रकार पाहून आमची करमणूक होत असे. फार झाले तर आज्ञेचा प्रश्न करायचा, 'मे पोनेस?', 'वाढतोस का मला?', की झाली विनंती. 'पोर फाबोर' म्हणजे 'कृपया' हा शब्द आमच्या पुस्तकात पानोपानी होता. त्या बारमध्ये तो आमच्याखेरीज क्वचितच कुणी खर्च करी.

आम्ही मात्र पुण्याच्या वर्गातून शिष्टाचाराची गाठोडी बांधून नेली होती. पाणी हवे असेल तर आम्ही म्हणत असू, 'आपणांस शक्य झाल्यास एक पेला पाणी देऊ शकाल का?', तेही संकेतार्थात, 'पोद्रीआ' वापरून. आठवडाभर बाईंनी ऐकून घेतले. मग एका रात्री जेवताना त्यांनी सरळ विचारले, माझ्या घरात तुला काही कमी पडते आहे का? कुणी काही बोलले का? आमच्या विनंत्या त्यांना रुसवा वाटत होत्या. घरच्या माणसाला इतक्या दुरून कोण हाक मारतो? आणि मग त्यांनी आम्हांला आयुष्यातली सर्वांत चमत्कारिक आज्ञा केली: 'त्रातामे दे तू', मला 'तू' म्हण. जवळीक करण्याचा हुकूम! आम्ही तो पाळला, पण आईच्या वयाच्या बाईला 'तू' म्हणताना जीभ पुढची कित्येक दिवस अडखळत होती. आईला 'तू' म्हणण्यात आपल्याकडे काहीच अडत नाही हे सोयीस्करपणे विसरून.

त्या घरातच आम्ही शिकलो की आज्ञा दोनदा उच्चारली की ती आज्ञा राहत नाही. 'आत येऊ का?' असे विचारल्यावर एकच 'पासा' कोरडे. 'पासा, पासा' म्हणजे या, घर तुमचेच आहे. मराठीतल्या 'या, या' आणि 'बसा, बसा'चा हिशेब हाच. व्याकरणाच्या पुस्तकात ही द्विरुक्ती आम्हांला कधी आज्ञार्थाच्या प्रकरणात सापडली नाही.

दुसऱ्या खोलीत क्वितोचा एक विद्यार्थी राहत असे. एक्वादोरच्या डोंगराळ भागातला. पहिल्याच जेवणाला तो म्हणाला, 'दामे पासान्दो ला साल'. घरमालकीणबाईंनी घास थांबवला. 'दामे' म्हणजे 'मला दे', आणि 'पासान्दो' म्हणजे 'पुढे करीत'. 'मला मीठ पुढे करीत दे'? हे कुठले स्पॅनिश, म्हणून त्या हसत सुटल्या. मुलगा ओशाळला. आम्ही मात्र विचार न करताच मिठाचे भांडे त्याच्यापुढे सरकवले होते, कारण आमच्या कानांना ते वाक्य 'मीठ जरा सरकवून दे' असेच ऐकू आले होते. 'आणून दे', 'लिहून दे', 'उघडून दे': धातुसाधिताच्या मागे 'देणे' लावले की आज्ञेतला काटा निघून जातो आणि जे करायचे ते कुणाच्या तरी सोयीसाठी, उपकार म्हणून, करायचे होते. त्या टेबलावर स्पॅनिश ज्यांची मातृभाषा अशा दोघांना एकमेकांचे समजले नाही आणि सांगलीकडच्या माणसाला समजले, हा प्रसंग आम्ही पुढे अनेक वर्गांत, कदाचित गरजेपेक्षा जास्त वेळा, सांगितला आहे.

ही रचना तिथे किचुआ भाषेच्या सहवासातून आली असे अभ्यासक मानतात. किचुआतही कृदन्त आणि 'देणे' असाच मेळ आहे. त्याच भागात भविष्यकाळही आज्ञेचे काम करतो. 'उद्या ये' म्हणण्याऐवजी 'उद्या येशील' म्हणायचे, की झाले काम. क्वितोच्या मुलाने नंतर एक गोष्ट सांगितली ती आमच्या मनात जास्त राहिली. त्याच्या आजीकडे कामाला असलेल्या बाईची घरची भाषा किचुआ. आजी तिला 'दामे लाबान्दो' म्हणे, 'धुऊन दे'. आणि हे आपले जुने सुसंस्कृत घरंदाज बोलणे आहे असे आजीला वाटे. म्हणजे राबणाऱ्यांच्या भाषेने राबवणाऱ्यांच्या आज्ञा मऊ केल्या होत्या, आणि राबवणाऱ्यांना ते स्वतःचे सौजन्य वाटत होते. आम्ही त्याला काही बोललो नाही. आमच्या पुण्याच्या घरी भांडीवाल्या मावशींना 'एवढा कुकर घासून द्या' असे किती गोड स्वरात म्हटले जाते, आणि त्या 'नको' म्हणतील ही शक्यता त्या वाक्यात कुठेच नसते, हे तेव्हा प्रथम ध्यानात आले.

तेव्हा मऊ आज्ञेवर फार भाळण्यात अर्थ नाही. स्पॅनिश राजसत्तेने १५१३ साली 'रेकेरिमिएन्तो' नावाचा एक मसुदा तयार करवून घेतला होता. कायदेपंडित पालासिओस रुबिओस ह्यांनी तो लिहिला. नव्या जगात उतरल्यावर, शस्त्र उपसण्यापूर्वी, तिथल्या लोकांना तो वाचून दाखवायचा. त्यात पोपचे आणि राजाचे अधिकार सांगितलेले आहेत आणि मग त्या लोकांना विनवून व बजावून, दोन्ही क्रियापदे शेजारी शेजारी ठेवून, शरण यायला सांगितले आहे. न आल्यास युद्ध, गुलामगिरी, आणि होणाऱ्या मृत्यूंचा दोष त्यांचाच. तो ऐकणाऱ्यांना स्पॅनिश येत नव्हते. कधी तो ओसाड झोपड्यांसमोर वाचला गेला. बार्तोलोमे दे लास कासास ह्यांनी पुढे लिहिले की हे वाचून हसावे की रडावे ते कळत नाही. विनंतीचे क्रियापद वापरल्याने विनंती होत नाही. ती होण्यासाठी 'नाही' म्हणण्याची जागा शिल्लक असावी लागते.

उलट, जिथे आज्ञा देणाऱ्याच्या हातात काहीच नसते तिथे आज्ञार्थ काय करतो? ह्या प्रश्नाने आम्हांला बरीच वर्षे धरून ठेवले आहे, आणि त्याचे कारण हुआन रुल्फो. मेक्सिकोच्या ह्या लेखकाचे (१९१७–१९८६) बहुतेक सारे यश दोन सडपातळ पुस्तकांवर उभे आहे: १९५३चा कथासंग्रह 'एल यानो एन यामास' आणि १९५५ची कादंबरी 'पेद्रो पारामो'. संग्रहातल्या एका कथेचे नाव आहे 'दिलेस के नो मे मातेन'. हुबेन्सिओ नावाच्या म्हाताऱ्याने तरुणपणी, गुरांच्या चराईवरून, दोन लुपे नावाच्या जमीनदाराला मारले. पुढचे सारे आयुष्य लपण्यात, पळण्यात गेले. आता उतारवयात तो पकडला गेला आहे, खांबाला बांधला आहे, आणि आपल्या मुलाला, हुस्तिनोला, गळ घालतो आहे की जा, त्यांना सांग. मुलगा कचरतो. मी गेलो आणि त्यांना कळले मी कोण, तर मलाही गोळी घालतील. मग बायकापोरांचे काय?

कथेचे नाव म्हणजे म्हाताऱ्याच्या तोंडचे वाक्य, आणि ते मराठीत कसे आणावे ह्यावर आम्ही किती कागद फाडले ते सांगण्यात हशील नाही. 'दिलेस' एकच शब्द: 'दि' म्हणजे 'सांग', त्याला चिकटलेले 'लेस' म्हणजे 'त्यांना'. 'के' म्हणजे 'की'. 'नो मे मातेन' म्हणजे 'त्यांनी मला मारू नये'. इथे स्पॅनिशची एक सोय पाहण्यासारखी आहे. 'सांगणे' ह्या क्रियापदापुढे साधा वर्तमानकाळ आला तर ती बातमी होते, 'सुबहुन्तीबो' आला तर हुकूम. 'दिले के बिएने', त्याला सांग की ती येते आहे. 'दिले के बेंगा', त्याला सांग की ये. बातमी आणि हुकूम ह्यांमध्ये दोनतीन अक्षरांचे अंतर. म्हाताऱ्याच्या वाक्यात पहिले क्रियापद आज्ञार्थी आहे, कारण मुलगा त्याचा आहे, त्याला तो 'सांग' म्हणू शकतो. दुसरे 'सुबहुन्तीबो'त आहे, कारण बंदूकवाल्यांना तो काहीही 'कर' म्हणू शकत नाही. फक्त घडू नये अशी इच्छा पाठवू शकतो.

पण एवढ्यावर थांबलो तर गंमत हुकते. (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही.) पहिले दोन शब्द झाकून उरलेले वाचावे: 'नो मे मातेन'. हेच वाक्य सुटे, समोरच्या अनेकांना उद्देशून, आदराने म्हटले तर त्याचा अर्थ 'मला मारू नका' असा होतो. रूप तेच, अक्षर न् अक्षर तेच. म्हणजे मुलाहाती पाठवलेल्या निरोपाच्या आत मारेकऱ्यांसमोरचा थेट आक्रोश जसाच्या तसा लपलेला आहे. 'मला मारू नये असे त्यांना सांग' ह्या भाषांतरात निरोप येतो, आक्रोश मरतो. 'त्यांना सांग, मला मारू नका' असे केले तर आक्रोश येतो, पण क्षणभर वाटते की 'नका' मुलालाच म्हटले आहे.

आणि सबंध कथाच अशी मधल्या माणसांमार्फत चालते. कर्नल झोपडीच्या आत आहे. बाहेर बांधलेल्या म्हाताऱ्याशी तो थेट बोलत नाही. त्याला विचार की तो अमक्या गावी राहिला आहे का, असे आतून सार्जंटला म्हणतो. आणि सार्जंट, म्हाताऱ्याने ऐकलेलाच प्रश्न, पुन्हा त्याला विचारतो. तो कर्नल दोन लुपेचा मुलगा आहे हे मग कळते. शेवटी आतूनच हुकूम येतो: ह्याला दारू पाजा, म्हणजे गोळ्या लागताना दुखणार नाही. दया आहे, पण तीसुद्धा दुसऱ्या कुणाला तरी दिलेल्या आज्ञेच्या रूपाने. रुल्फोच्या स्वतःच्या वडिलांचा खून १९२३ साली झाला. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. हे ठाऊक झाल्यावर आतल्या त्या आवाजाकडे केवळ क्रूर म्हणून बघता येत नाही.

हे भाषांतर अर्धे झाले असताना, २०११च्या पावसाळ्यात, आम्हांला सांगलीला जावे लागले. अण्णा रुग्णालयात होते. अण्णा न्यायालयातले निवृत्त कारकून. उभी हयात समन्सांवर 'हजर राहावे' लिहिण्यात गेली. विध्यर्थ त्यांनी सगळा कचेरीत वापरून टाकला होता, घरी फक्त आज्ञार्थ उरत असे. त्या दिवशी त्यांना श्वास पुरत नव्हता. कृत्रिम श्वासासाठी नळी घालावी लागेल, अशी चर्चा दाराशी चालली होती आणि ती त्यांच्या कानांवर गेली असावी. त्यांनी आमचे मनगट धरले आणि म्हणाले, "डॉक्टरांना सांग, नळी घालू नका म्हणावं."

आम्ही बाहेर गेलो. डॉक्टरांनी, अगदी सौम्यपणे, काय करायचे म्हणून विचारले. धाकटा भाऊ विमानात होता. आम्ही म्हणालो, "तुम्हांला योग्य वाटेल ते करा." व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य आज्ञार्थी आहे. आम्ही परत आत जाण्यापूर्वीच त्यांना दुसरीकडे हलवले होते. नळीमुळे पुढे त्यांना बोलता आले नाही. नऊ दिवस. डोळे उघडे असत तेव्हा ते आमच्याकडे बघत, आणि आम्ही त्यांचा हात धरून बसत असू. निरोप पोचवला होता का, हे त्यांनी विचारले नाही; विचारण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. नळी घातली नसती तर काय झाले असते हे डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले, आणि ते आम्हांला पटलेही. त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.

वहीकडे परत यायला वर्ष लागले. शीर्षकाच्या जागी तेव्हा काट मारलेल्या सात ओळी होत्या. त्यांच्याखाली आम्ही लिहिले, 'त्यांना सांग, मारू नका म्हणावं'. 'म्हणावं' हा शब्द आम्हांला इतकी वर्षे कसा दिसला नाही, नवल वाटते. विध्यर्थाचेच रूप ते, बोलण्यात घासून गुळगुळीत झालेले. पण निरोप तर निरोप आणि 'नका' तर 'नका', दोन्ही जिवंत ठेवण्याची कला मराठीला त्याने दिलेली आहे. 'सांग'मध्ये मुलाला तू, 'नका'मध्ये त्यांना तुम्ही, आणि 'म्हणावं'मध्ये ह्या दोहोंच्या मधला माणूस. हस्तलिखित वाचणाऱ्या एका मित्राने आक्षेप घेतला की शीर्षकात 'मला' हवे, आणि बोलीतला अनुस्वार पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बरा दिसत नाही. अनुस्वाराबद्दल आम्ही ऐकले नाही. 'मला'बद्दल अजून ठरत नाही. मुळात 'मे' आहे ही गोष्ट खरीच.

ही कथा आम्ही आता एम.ए.च्या वर्गाला भाषांतर म्हणून शिकवतो. गेल्या खेपेस मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण मुलगा त्यांना जाऊन सांगतो का शेवटी? तसं कुठे लिहिलेलंच नाही." तिचे बरोबर होते. जातो म्हणून हुस्तिनो उठतो, एवढे कथेत आहे. नंतर तो आला होता, गेला होता आणि पुन्हा आला आहे, एवढेही आहे. आणि बापाचे प्रेत गाढवावर बांधून तो घरी नेतो. मधल्या वेळात तो कुणाशी काय बोलला, काही बोलला की नाही, ते रुल्फोने लिहिलेले नाही. आम्ही तिला म्हणालो, परिच्छेद पुन्हा एकदा मोठ्याने वाच. तिने वाचला.